सरळ झोपणारी मुलं

"आधी पायाचे अंगठे," आजीबाई म्हणाली. "मग हनुवटी. घट्ट नाही बांधायचं, तिला लागेल."

बाहुल्यांच्या कोपऱ्यात चार मुलं उकिडवी बसली होती. मधे कापडी बाहुली उताणी. आजीबाईचं वय साडेचार, पण बोलणं सत्तरीचं, म्हणून शाळेत तिला हे नाव पडलेलं. तिनं आपल्या एका वेणीची रिबीन सोडून बाहुलीची दोन्ही पावलं एकत्र बांधली. दुसरीची रिबीन हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. मग बाहुलीच्या डोळ्यांवरून दोन बोटं फिरवली, वरून खाली, एकदाच, आणि हातरुमाल तिच्या तोंडावर ओढला.

वर्गाची ताई चित्रांचे कागद गोळा करत होती. ते तिच्या हातातच राहिले.

हे काम तिला पाठ होतं. इस्पितळाच्या वॉर्डात माणूस गेला की नातेवाइकांना आत घेण्याआधी दहा मिनिटांत उरकायचं असतं: डोळे, हनुवटी, हात, अंगठे, चादर. एकवीस वर्षं तिनं ते केलं होतं, बहुतेक रात्रपाळीतच. बालशिक्षणाचा कोर्स करून ती या बालवाडीत आली, त्याला अकरा महिने झाले होते. इथं तिनं वॉर्डाबद्दल मुलांजवळ कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"कुणी शिकवलं गं हे?" तिनं आवाज शक्य तितका साधा ठेवला.

आजीबाईनं मान वर केली. अडाण्याकडे बघावं तसं बघितलं.

"तूच करतेस की. झोपायच्या तासाला."

"मी?"

"रोज नाही. कधी कधी. काल मुंगीला केलंस."

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यांत बारकी मुलगी. ती शेजारीच अंगठा चोखत बसली होती. तिनं मान डोलावली.

"मग तुम्ही मला सांगत का नाही? ताई, हे काय करतेस म्हणून?"

"आम्ही हलतच नाही," आजीबाई म्हणाली. "हललं की तू परत पहिल्यापासून करतेस."

ताईनं कागद टेबलावर ठेवले. कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

"आणि मी काही बोलते का?"

"बोलतेस ना. 'झालं हं. आता काही दुखायचं नाही.'"

हे शब्द तिचेच होते. वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सनाही ते ठाऊक नव्हते, कारण ती ते पडदा ओढून घेतल्यावर म्हणायची, आणि ज्याला म्हणायची तो ते कुणाला सांगणार नसायचा.

झोपायचा तास म्हणजे जेवणानंतरचा. पडदे ओढायचे, बावीस सतरंज्या दोन रांगांत अंथरायच्या, बावीस पांढऱ्या चादरी. ताई रुजू झाली तेव्हा या तासाला नुसता बाजार भरायचा. कुणाला शी लागायची, कुणाला आई आठवायची, कुणी शेजाऱ्याचं नाक ओढायचं. तिच्या हाताखाली तीन महिन्यांत वर्ग असा शांत झाला की मोठ्या बाई इतर शिक्षिकांना दारातून दाखवायला आणू लागल्या. "पाहा," त्या कुजबुजायच्या, "टाचणी पडली तरी ऐकू येईल." ताईला त्याचा अभिमान वाटायचा. महिनाअखेर तिचं उमेदवारीचं वर्ष संपत होतं. मोठ्या बाईंनी कायम करण्याचा कागद तयारही ठेवला होता.

हा कागद तिला हवा होता. एके दिवशी रात्रपाळी संपवून ती बसथांब्यावर उभी असताना समोरच्या बालवाडीतली मुलं एकदम ओरडली होती. कशासाठी, ते तिला कधीच कळलं नाही. पण कुणाला काही दुखत नसताना माणसं इतक्या मोठ्यानं ओरडतात, हे ती विसरून गेली होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं कोर्सचा फॉर्म भरला.

मुलं घरी गेल्यावर तिनं मावशींना गाठलं. मावशी म्हणजे शाळेतली मदतनीस. सतरंज्या घालणं, डबे धुणं, मुलांची नाकं पुसणं त्यांच्याकडे.

"मावशी, खरं सांगा. दुपारी मला झोप लागते का?"

मावशींनी डबा पुसायचं थांबवलं नाही. "डुलकी म्हणा. खुर्चीत. एकवीस वर्षं रात्रीची जागलात, सिस्टर, अंगाला दिवसा झोपायचीच सवय असणार."

"आणि मग?"

"मग उठता. डोळे उघडेच असतात तुमचे, पण..." त्यांनी डबा पालथा घातला. "मी एकदा हाक मारली होती. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, 'नातेवाइकांना बाहेरच थांबू दे.' मग नाही मारली हाक."

"मावशी! मला सांगायचं नाही?"

"मला वाटलं, कोर्सात शिकवलेली पद्धत असेल. मोठे शिकलेले लोक तुम्ही." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "आणि खोटं कशाला बोलू, पोरं शांत राहत होती हो. तेवढाच तास माझ्या कमरेला आराम. चालतंय ते चालू दे म्हटलं."

"बांधते कशानं मी?"

"त्यांच्याच रुमालांनी. सैल असतं अगदी. तुम्ही खुर्चीत परत बसलात की मी सोडून ठेवते."

"तोंडावरून चादर घेते?"

धुतलेले डबे मावशी पुन्हा धुवायला लागल्या.

घरी नवरा पंख्याचं पातं पुसत होता. तो रेडिओ दुरुस्त करायचा. हल्ली रेडिओ येत नसल्यामुळे घरातल्या धडधाकट वस्तू दुरुस्त करायचा. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याला धक्का बसला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"शाळेचं नव्हतं." त्यानं पातं खाली ठेवलं. "रविवारी दुपारी आपण पडतो ना जरा. दोन-तीनदा झालं असेल. टॉवेलनं हनुवटी बांधलीस माझी. हात सरळ केलेस."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"पडून राहिलो."

"अहो, उठवायचं मला! ओरडायचं!"

"इतकं हळू करतेस तू ते," तो म्हणाला. "इतकं जपून मला कुणी कधी हातच लावला नव्हता गं. मोडवेना." मग थोडं हसायचा प्रयत्न करून म्हणाला, "फायदाच की. मी गेल्यावर कशी दिसेल व्यवस्था, ते आधीच बघून झालं."

ती हसली नाही. त्यानंही मग पातं उचललं.

"जाग्या राहा ना दुपारच्या," दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या. "तेवढंच औषध. महिनाअखेरीला काय उरलंय? कागद हातात पडला की बघू."

ताईलाही तेच वाटत होतं. तिनं तीन कप कॉफी पोटात घातली, खुर्ची वर्गाबाहेर काढून टाकली आणि पडदे अर्धेच ओढले. मुलं जेवून आली. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मुलं आपापल्या सतरंजीवर गेली. तिनं काही सांगितलं नव्हतं. एकेक उताणं झालं. टाचा जुळल्या, हात अंगालगत गेले, हनुवट्या किंचित वर झाल्या. चादरी छातीपर्यंत आल्या, एका रेषेत. बावीस जण. कुणी खोकलं नाही, कुणी कूस बदलली नाही. अर्ध्या पडद्यातून आलेलं ऊन पहिल्या रांगेच्या पायांवर पडलं होतं आणि एकही पाऊल हलत नव्हतं.

वॉर्ड इतका नीटनेटका कधीच नव्हता. वॉर्डात निदान कुणीतरी कण्हायचं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मग मिटल्या डोळ्यांनी, ओठ फारसे न हलवता, कुणीतरी म्हणालं, "ताई, सुरू कर ना."

आणि खोलीभर अगदी हलकेच ते पसरलं. सुरू कर ना. सुरू कर ना.

तिचे हात उचलले गेले होते. ती पूर्ण जागी होती, कॉफीची कडवट चव तोंडात होती, आणि तरी हात उचलले गेले होते. पहिल्या सतरंजीकडे निघालेलं पाऊल तिनं मागे घेतलं. तेव्हा तिला दुसऱ्या रांगेच्या टोकाला एक चादर आणखी वर ओढलेली दिसली. चादरीखाली काहीतरी लहानसं होतं, पण वरच्या टोकाला चेहरा नव्हता.

ती धावली. चादर ओढली. मुंगी. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, अंगठा तोंडात नव्हता. ताईनं दोन बोटं तिच्या मानेला लावली. घाईत नाडी सापडेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सापडेना. तिनं छातीला कान लावला. आत कसलातरी आवाज होता, पण तो आपल्याच कानातला आहे का, हे तिला ठरवता येईना.

"मुंगे! ऊठ. ए बाळा, ऊठ!"

मुंगी हलली नाही.

"ऊठ म्हणते ना!"

"उठायचं नसतं, ताई," मुंगी डोळे न उघडता म्हणाली. "तूच म्हणालीस."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत ताईनं आधी तोंडी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एखाद्या मुलाला इजा?"

"नाही. अजून नाही."

"पालकांची तक्रार?"

"नाही."

"मग उद्यापासून त्या तासाला मी दुसरं कुणी बसवते. विषय संपला. अहो, तीस वर्षांत इतका शांत वर्ग मी पाहिला नाही. तुम्ही थकलाय. जा घरी."

"मी लिहून आणलंय," ताई म्हणाली आणि कागद पुढे सरकवला. वेळ, तारखा, मावशींना आठवलेले प्रसंग, मुंगीची चादर. शेवटी: झोपेतल्या माझ्या वागण्यावर माझा ताबा नाही.

मोठ्या बाईंनी कागदाला हात लावला नाही. "लिहून देऊ नका. हा घेतला तर मला वर पाठवावा लागेल. मग तुम्हाला कायम करणं माझ्या हातात राहणार नाही. उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

"आमच्या वॉर्डात जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात, बाई," ताई म्हणाली. "आणि हे झालंय."

मग मोठ्या बाईंनी कागद उचलला, पावतीची सही केली आणि दुसऱ्या खणातला, तिला कायम करण्याचा तयार ठेवलेला कागद काढून तिच्यादेखत मधोमध फाडला. रागानं नाही, चुकीचा फॉर्म फाडतात तसा.

वरून उत्तर आलं ते असं: आणखी एक वर्ष उमेदवारी, डॉक्टरांचा दाखला, पालकांना पत्र, आणि झोपायच्या तासाला वर्गात पाऊल ठेवायचं नाही. पत्र मिळताच पाच पालकांनी मुलांना दुसऱ्या शाळेत घातलं. मुंगीचे आई-वडील त्यांतले एक. तिनं जाताना मागं वळून पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं असं ताईनं स्वतःला बजावलं.

आता त्या तासाला ती दाराबाहेरच्या बोळात उभी असते. बसत नाही. दाराला वरच्या बाजूला काचेचा चौकोन आहे. पहिला आठवडाभर आतली मुलं तशीच सरळ पडून राहायची, आणि मावशी एकट्याच त्यांच्यातून फिरायला भ्यायच्या.

दुसऱ्या सोमवारी दार किलकिलं झालं. आजीबाई होती, चादर खांद्यावर घेऊन.

"ताई, तू आत का येत नाहीस? आम्ही नीट झोपतोय."

"म्हणूनच येत नाही."

"मग कसं झोपायचं?"

ताई गुडघ्यांवर खाली बसली. "वाकडं झोप. हवं तसं. लाथा मार, लोळ, शेजाऱ्याची चादर ओढ."

"मावशी रागावेल."

"रागावू दे."

आजीबाईनं यावर बराच विचार केला. "बघते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आत धप्प असं काहीतरी झालं, कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी हसलं, आणि मावशींचा आवाज सगळ्यांवर चढला. ताई काचेपाशी गेली. आजीबाई आडवी होऊन दोन सतरंज्यांवर पसरली होती. तिचा एक पाय शेजारच्या मुलाच्या पोटावर होता, आणि तो तिचं पाऊल ढकलत खिदळत होता.

मावशींनी काचेकडे पाहिलं. पायाकडे बोट दाखवलं. सरळ करू का, असं खुणेनं विचारलं.

ताईनं मान हलवली. नको.