बाहेरचे दिवस

प्रभावती सिस्टरने पडदा ओढला आणि गिरिजाबाईला लुगडं वर घ्यायला सांगितलं. तपासायला ती वाकली ती वाकलेलीच राहिली. दहा दिवसांपासून अंगावरून जातंय म्हणून धावड्याहून भोकरदनला आणलेली बाई, आणि तिने घेतलेलं कापड धुऊन वाळवल्यासारखं कोरडं.

"मावशी, हे काय? मालक तर म्हणत होते, थांबतच न्हाई."

गिरिजाबाईने भिंतीकडे तोंड केलं.

पडद्यापलीकडे डॉक्टर तिच्या नवऱ्याशी, रायभानशी, बोलत होते. तिला त्यांनी वयाखेरीज काही विचारलं नव्हतं. सत्तेचाळीस म्हटल्यावर, लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, काढून टाकू, असं सांगून ते मोकळे झाले. रायभाननेही मान डोलावली. दुसऱ्याच्या अंगावर सुरी चालायची असली की मान डोलवायला काय जातं.

"शेवटची कधी आल्ती पाळी?" सिस्टरने आवाज खाली घेऊन विचारलं.

"भूकंप झाला त्या दिवाळीला."

म्हणजे दीड वर्ष होऊन गेलं होतं. पाळी गेली आणि तिच्या मागोमाग तो त्रास आला. नवरा जवळ आला की आत कोणी तिखट भरल्यासारखी आग व्हायची, मग दोन दिवस लघवीलाही बसवत नसे. तिने एकदा सांगून पाहिलं. या वयात कसले नखरे, म्हणून रायभान हसला. सासू असती तरी काय बोलली असती कोण जाणे, आणि सुनेपाशी बोलायची सोय नव्हती. मग एका सकाळी गिरिजाबाईने ओसरीच्या कोपऱ्यात पूर्वीसारखं गोणपाट टाकलं, तांब्या वेगळा काढला आणि कावळा शिवला म्हणून सांगितलं. रायभान देवधर्माचा पक्का. बाहेर बसलेल्या बाईची सावलीसुद्धा त्याला चालत नसे. ज्या कोपऱ्याचा तिला उभ्या जन्मात संताप आला, त्याच कोपऱ्यात ती चार दिवस गाढ झोपली.

पण सुखाचा लोभ वाईट. चाराचे सहा झाले, सहाचे दहा झाले, आणि रायभान घाबरला. त्याने गावातून जीप केली.

सिस्टरने सगळं ऐकून घेतलं.

"या वयात कोरडं पडतं, मावशी. लय बायांना होतं. मलम मिळतं त्याच्यावर, अन् मालकाला जरा दमानं घ्यायला सांगावं लागतं. डॉक्टरला खरं सांगून टाका. न्हाईतर चांगली पिशवी कापतील."

"अन् ह्यांना काय सांगू? बसत होते ते खोटं होतं?"

मलम कोणीही लिहून देईल. रायभानला दमानं घ्यायला कोण सांगणार, हे सिस्टरलाही ठाऊक नव्हतं.

गिरिजाबाईने लुगडं सारखं केलं.

"पिशवी काढल्यावर किती दिवस लांब ऱ्हावं लागतं?"

"तीन महिने. पण मंग पुढं पाळीचं नाव न्हाई, मावशी. कोपऱ्यात बसायचं निमित्तच संपलं."

गिरिजाबाईने मान हलवली आणि पडदा सारून ती बाहेर आली.

रायभानपुढे कागद होता, हातात पेन. त्याने तिच्यासाठी स्टँडवरून केळी आणून ठेवली होती. जिवाला घोर त्याच्याही होताच. डॉक्टर पथ्यं सांगत होते. जड उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही. रायभान एकेकाला बराबर, बराबर म्हणत होता. घरात सून होती, रानात गडी होते, त्याची काही अडचण नव्हती.

"आणि तीन महिने दोघांनी वेगळं झोपायचं."

कागदाला टेकलेलं पेन उचललं गेलं. रायभानने सहीचा कागद जरा बाजूला सरकवला आणि तो ओशाळं हसला.

"तीन महिने म्हंजे जादाच होतं, साहेब. गोळ्यांवर भागतं का बघा ना."

पडद्याशी उभी असलेली सिस्टर गिरिजाबाईकडे पाहत होती. आता बोला, असं ती नजरेनेच सांगत होती. एका वाक्याचं तर काम होतं. पिशवी वाचत होती.

तीस वर्षांच्या संसारात गिरिजाबाईने चारचौघांत नवऱ्यापुढे तोंड उघडलं नव्हतं. ती टेबलाजवळ आली. सरकलेला कागद तिने पुन्हा त्याच्यापुढे नीट ठेवला.

"सही करा," ती म्हणाली.