फ्रिजला बांधलेला बिबा

फ्रिज घरात आला त्या दिवशी त्याचं जेवढं स्वागत झालं, तेवढं मी लग्न होऊन आले तेव्हा माझं झालं नव्हतं. मला माप ओलांडून आत घेतलं आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसवलं. फ्रिजला मात्र हळदकुंकू, नारळ, दारावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि जागा थेट बैठकीत, टीव्हीच्या शेजारी. स्वयंपाकघरात ठेवला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार कसा, असा माझे सासरे बलभीममामा यांचा सवाल होता. मामांच्या सवालाला उत्तर द्यायची पद्धत आमच्या घरात नाही.

फ्रिज घेतला तो खरं तर सासूबाईंसाठी. मथुराआत्यांना साखर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि ती बाटली गारव्यात ठेवावी लागते. आजवर ती शेजारच्या शांतलिंग अण्णांच्या फ्रिजमध्ये असायची. अण्णांचा फ्रिज इतका जुना, की दार लागत नाही म्हणून त्याला दोरीनं आवळून बांधलेलं. पण आत बर्फासारखा गार. आत्या रोज दोनदा तिकडं जायच्या, इंजेक्शन घ्यायच्या, अण्णांच्या बायकोशी घटकाभर बोलून यायच्या. मामांना ते खुपायचं. "आपली बाई लोकाच्या दारात दवा घ्यायला जाती, बरं दिसतंय व्हय?" म्हणायचे. म्हणून हा फ्रिज.

बघायला सगळी गल्ली आली. शांतलिंग अण्णाही आले. दारावरून हात फिरवत म्हणाले, "लई झ्याक हाय, बलभीम. आमच्या डबड्याला आता लाज वाटंल." सरळ माणूस, मनापासून बोलला. मामा तोंडभर हसले, अण्णांना चहा पाजला आणि त्यांची पाठ वळताच मला म्हणाले, "सोनाली, लिंबू-मिरच्या आन. नजर लागली."

आता नव्या फ्रिजला बाहेरून मूठ नव्हती. लिंबू बांधायचं कशाला? पण मामांची अक्कल अशा वेळी भारी चालते. लिंबू, मिरच्या आणि बिबा त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवला, दोऱ्याचं दुसरं टोक दाराच्या आतल्या कप्प्याला बांधलं आणि वरून दार लावून टाकलं. लिंबू बाहेर झुलायला लागलं. दोरा एवढा जाड होता की त्याला म्हैस बांधता आली असती.

आठवडा झाला नाही तोच दूध नासलं. मग ताक आंबलं, मग कालवणाला फेस आला. मामांनी आतलं बटण वाढवलं, लाईटवाल्यांना शिव्या घातल्या, स्टॅबिलायझर आणून बसवला. आमचे हे, कृष्णराज, तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. दिवसभर बारुदीजवळ बसणारा माणूस घरात ठिणगी पडू देत नाही. "आप्पा बघतेत ना, मग बघतील," असं वडलांवर ढकलून हे आंघोळीला गेले.

शेवटी मी कंपनीला फोन केला. मेकॅनिक येणार होता त्या दिवशी सकाळीच मामांनी दार उघडून लिंबू सोडलं आणि कॅलेंडरमागं लपवलं. "शिकलेलं पोरगं हाय, हसंल," म्हणाले. मेकॅनिक दुपारी आला तेव्हा फ्रिज गारठून बसला होता. त्यानं आत हात घातला, थर्मामीटर लावला, आमच्याच बाटलीतलं थंडगार पाणी घटाघटा प्यायलं आणि म्हणाला, "एकदम ओके हाय, ताई. सारखं दार उघडत जाऊ नका." त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत लिंबू परत दाराला झुलत होतं. दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा नासलं.

मामांचा निकाल तयार होता. "मेकॅनिक असला की गार, गेला की गरम. ही नजरच हाय, आन् कुणाची ते मला ठाव हाय." त्या दिवसापासून शांतलिंग अण्णांशी बोलणं बंद. अण्णा बिचारे रस्त्यात "बलभीम, जेवला का?" विचारायचे आणि मामा आभाळाकडं बघायचे.

मी आपली मनात हसत होते. नासलेल्या दुधाचा कलाकंद होतो. इन्सुलिनचं काय होतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. आत्या रोज त्याच फ्रिजमधली बाटली काढून इंजेक्शन घेत होत्या. तोंड कोरडं पडायचं, पाय गळून जायचे, पण बोलल्या नाहीत. एवढ्या हौसेनं नवऱ्यानं फ्रिज आणलाय, त्यात आपली कुरकुर कशाला? एका दुपारी भांडी घासायला बसल्या आणि तिथंच कलंडल्या.

तालुक्याच्या गावी, वाशीला, दवाखान्यात नेलं. साखर चारशेच्या वर. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून विचारलं, "हे ठेवता कुठं?"

"फ्रिजमधी," मामा म्हणाले. तिथंही छाती फुगली होती. "नवा हाय."

"मग तो फ्रिज आहे का कपाट? हे उन्हाळ्यात तापून खराब झालंय. यांना गुण कसा येणार?"

त्या वेळी मला मामांचा खरोखर राग आला. दोन दिवसांनी आत्यांना घरी आणलं, सोबत नवी बाटली. मी म्हटलं, "मामा, अण्णांकडं ठेवू या." ते तडकले. "ज्यानं नजर लावली त्याच्याच घरात? फ्रिजवरून मीठ-मोहऱ्या उतरवतो, बघ कसा गार व्हतो." त्यांनी उतरवलं, बाटली स्वतः आत ठेवली आणि पाराकडं निघून गेले.

मी बाटली काढायला तावातावानं गेले आणि दाराला हात लावला. दोरा आत शिरत होता तिथून पाण्याचा ओघळ खाली आला होता. बोट घातलं तर रबराला हीऽ फट. मेकॅनिक आला त्या दिवशी दोरा नव्हता, आणि फ्रिज गार होता. एवढं मला कळायला आत्यांना आडवं पडावं लागलं.

दोरा सोडला. बाटली घेऊन अण्णांकडं गेले. अण्णांनी आपल्या फ्रिजची दोरी सोडली, बाटली आत ठेवली, दोरी पुन्हा आवळली. "वैनी कशा हायत?" एवढंच विचारलं.

सकाळी आमच्या फ्रिजमधलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. मामा हरखले. "बघितलंस? नजर उतरली."

मी दोरा त्यांच्यापुढं धरला. "मामा, हा दारात अडकला होता. ह्यानं दार बसत नव्हतं."

मामांनी दोरा बघितला, दाराचं रबर बघितलं. दार एकदा उघडून लावलं, पुन्हा उघडून लावलं. मग लिंबू उचललं आणि म्हणाले, "आतून न्हाय बांधत. वरून चिकटपट्टीनं लावतो."

खाटेवरून आत्या बोलल्या. आवाज अगदी बारीक होता.

"त्याला कशाला बांधालाव? मला बांधा. महिनाभर तुमी त्याच्यावर कुणाची नजर पडती तेवढंच बघितलं. मी वाळालेली तुमाला दिसले न्हाय."

मामांनी लिंबू सदऱ्याच्या खिशात कोंबलं. या घरात पहिल्यांदाच सवाल दुसऱ्या कुणीतरी टाकला होता. मग त्यांनी पायात चपला घातल्या आणि अण्णांच्या घरी गेले. तिथं काय बोलले ते मला माहीत नाही. येताना बाटली दोन्ही हातांत धरून आणली, आत ठेवली आणि दार लावून चारी कडा तळव्यानं दाबून बघितल्या. नंतर आत्यांच्या उशाशी जाऊन बसले. बैठकीत फ्रिज बघायला कुणीतरी आलं होतं, त्यांना म्हणाले, "मागनं या."

संध्याकाळी खाटेखालनं केर काढताना मला खाटेच्या पायाला लिंबू, मिरच्या आणि बिबा दिसला. दोरा तोच, म्हैस बांधायचा. मी तो सोडला नाही.