युनानचा शब्द

शिवम्माच्या अंगावर वर्षभर लाल चट्टे उठत होते. रोग लागट असेल म्हणून थोरल्या जावेने तिचं ताट वेगळं केलं, चुलीपाशी यायलाही बंदी घातली. नवरा बसप्पा पालमच्या युनानी हकिमाकडे चार महिने खेटे घालून थकला, तेव्हा तिला बैलगाडीतून पूर्णेच्या इंग्रजी दवाखान्यात घेऊन आला.

डॉक्टर म्हणाले, "हा इडिओपॅथिक आजार आहे."

"म्हंजे?"

"ग्रीक शब्द. इडिओस म्हणजे आपला स्वतःचा, पॅथोस म्हणजे पीडा. आपला आपण उपजलेला रोग."

"ग्रीक म्हंजे कुटलं?"

"युनान."

बसप्पाने कपाळाला हात लावला. "साहेब, युनानी तर आमच्या पालमलाच व्हतं. आन् ह्यो उपजला कशानं?"

"ते कळत नाही. कारण सापडलं नाही की हा शब्द वापरतात."

"मंग कळंना म्हनायला मराठीत काय महाग पडतंय?" बसप्पाचा पारा चढला. "लागट हाय का, तेवढं तरी सांगा."

"मुळीच नाही."

"तसं लिहून द्या. वयनीला दाखवतो."

"त्यायला वाचता येतंय व्हय?" शिवम्मा पहिल्यांदाच बोलली. "आन् वर्षभर तुमी तरी कुटं बसले माझ्या ताटाला?"



बाहेर पायरीवर तिने भाकरीचं गाठोडं सोडलं. गावचीच दोन माणसं समोर बसली होती. बसप्पाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडला.

"दमानं जेवा," शिवम्मा म्हणाली, "त्यायला नीट दिसू द्या."