मी विसरायचो, म्हणून मुलं बोलायची

"अस्मिता, तिला वाचायला लावायची घाई करू नकोस गं. आधी गोष्टी ऐकू दे, भरपूर बोलू दे. शब्दच ओळखीचे नसतील तर पुस्तकात भेटून काय उपयोग?"

बालवाडीच्या शेवटच्या दिवशी राधाबाई सईच्या आईला हे सांगत होत्या. तेव्हा मी त्यांच्या हातात होतो. "हो बाई, बघते," अस्मिता हसून म्हणाली. मित्रांनो, काही बघितलं नाही तिने! राधाबाईंनी आठवण म्हणून दिलेल्या मला तिने बुटांच्या खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर टाकलं.

मी एक जुना मोजा आहे. मुलुंडला राधाबाईंच्या मुलाचा एक काळा मोजा हरवला, दुसरा मी उरलो. बाईंनी मला फाटक्या रेनकोटची चोच आणि शर्टाची दोन बटणं लावली, एक मोठं, एक लहान. झालो मी कावळा!

माझं काम एकच, विसरणं. बाई गोष्ट सांगायच्या आणि मी डोकं खाजवत म्हणायचो, "मी विसरलो बुवा! काय झालं मग?" सगळी बालवाडी माझ्यावर तुटून पडायची.

"अरे येड्या, कोल्हा विहिरीत पडला!"

"पडला नाही काय, सशाने ढकलला!"

भांडता भांडता त्यांना सबंध वाक्यं यायची. सगळ्यांत मोठा आवाज सईचा, न्यायला आलेल्या अस्मितालाही दारात ऐकू जायचा.

पहिलीत सई इंग्रजी शाळेत गेली. घरीही इंग्रजीच बोला, असं शाळेने सांगितलं. अस्मिता कॉलेज शिकलेली, पण तिला लाड करायला नि चिडवायला मराठीच यायची. मग घरात उरलं काय, तर "ईट फास्ट" आणि "सिट प्रॉपरली". गोष्टी बंद. गप्पा बंद.

तिसरीत सई वाचताना अडखळू लागली. अस्मिता घाबरली आणि मोबाइलवर वेळ लावून बसली.

"नीट बघ. एन, ई, एस, टी. काय झालं?"

"नेस्ट."

"परत!"

खोक्यात माझा नुसता संताप व्हायचा. अगं, नेस्ट म्हणजे काय ते तरी विचार पोरीला! पण आत कुणाचा हात असल्याशिवाय मला आवाज कुठला?

वाचनाच्या परीक्षेसाठी तिने सईकडून जत्रेचा धडा इतक्यांदा घोकून घेतला की तो पाठच झाला. टीचरनी नेमकं दुसरंच पान उघडलं. सईने त्यावर बोट फिरवत जत्रेचा धडा घडाघडा म्हणून दाखवला. वर्ग खो-खो हसला. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं, "ए जत्रा!"

अस्मिता नवऱ्याला फोनवर सांगत होती, म्हणून मला कळलं. सई काही बोलेनाच. शाळेत नाही, घरी नाही, अकरा दिवस.

बाराव्या दिवशी पडदे काढताना खोकं खाली पडलं. अस्मिता जमिनीवरच बसली. तिने माझ्यात हात घातला.

"मी... विसरलो बुवा. त्या दिवशी काय झालं मग?"

सई माझ्याकडे वळली. मग एकदम उसळली. "त्या पानावर घरटं होतं! तुझं असतं ना, काड्यांचं, तसलं. टीचरनी नंतर चित्र दाखवलं. नेस्ट म्हणजे घरटं, हे मला कुणी सांगितलंच नाही. नुसतं परत, परत, परत!"

अस्मिताने माझी चोच पुढे केली, "काय झालं मग?"

आता ती भाजी निवडताना गोष्ट सांगते, मी विसरतो, सई मला झापते. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. वाचताना ती अजून अडते. पण परवा 'फेदर'वर अडली, आईला अर्थ विचारला, 'पीस' असं कळल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "ए, तुला तर एकही नाही!"

तरी माझा राग गेलेला नाही. मी तिथेच होतो, कपाटावर, हाताच्या अंतरावर. तीन वर्षं!

मित्रांनो, तुमच्या वर्गातही वाचताना अडणारं आणि हल्ली गप्प झालेलं कुणीतरी असेल. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जा. पुस्तक नेऊ नका. डबा उघडा, "काय झालं मग?" विचारा, आणि ते बोलेपर्यंत तिथून उठू नका.