रुजलं की रुसलं?

मित्रांनो, मी एक जुना, कडेने गंजलेला बिस्किटांचा डबा आहे. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्यात बिस्किटं शोधायला जाल तर माती खाल! माझ्या पोटात आता मातीच असते.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा काय रुबाब होता! अंग चकचकीत आणि झाकणावर नखाएवढ्या निळ्या फुलांचं चित्र. बिस्किटं संपली, झाकण शिवणाची बटणं ठेवायला गेलं आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आलो. त्या झाकणाची मला अजून आठवण येते. फुलं म्हणून मी पाहिली होती ती तेवढीच.

मग एके दिवशी या घरातल्या आईने मला पालथं घातलं आणि खिळा-हातोडी घेऊन माझ्या बुडाला भोकं पाडली. मी कळवळलो!

"अगं, चांगला डबा बाद केलास!" घड्याळ दुरुस्त करता करता बाबा ओरडले.

"बाद नाही हो, नोकरीला लावला," आई म्हणाली.

नोकरी तिलाही लागली होती. ती नर्स होती आणि समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात तिला जायचं होतं. जाण्याआधी तिने माझ्यात चाळलेली माती भरली. धुळीसारखं बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरवलं. त्यावर माती मात्र घातली नाही.

"याला उजेड लागतो," तिने ताईला, म्हणजे थोरल्या लेकीला सांगितलं. "आणि वरून पाणी ओतू नकोस, बी वाहून जाईल. डबा पाण्याच्या ताटलीत ठेव, तो खालून पितो. ही बहुवर्षायू फुलझाडं आहेत. एकदा लावली की दरवर्षी फुलतात."

"झाड बोटभर आणि नाव हातभर!" ताई हसली.

"यंदा नुसती पानं येतील. फुलं पुढच्या वसंतात. तेव्हा मीही येईन."

त्या दिवसापासून घरात कुणी 'आई कधी येणार' असं विचारलं नाही. सगळे येता-जाता माझ्यात डोकावायचे, एवढंच. आणि मी? ताटलीत बसून पाणी प्यायचो आणि तिच्या बोटांची वाट पाहायचो.

एका सकाळी मातीवर हिरवी धूळ बसल्यासारखं दिसलं. बी रुजलं होतं! ते सगळ्यांत आधी पाहिलं धाकट्या चिंगीने. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, त्यामुळे तिच्या तोंडून 'ज' निसटायचा आणि 'स' बाहेर यायचा. नेमका तेव्हाच आईचा फोन आला.

"चिंगे, बी रुजलं का गं?"

"हो आई! रुसलं! सगळं रुसलं!"

पलीकडून आई म्हणाली, "रुसलं होय... माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल. बाबांना सांग, ओतून टाका."

बायकोचा शब्द बाबा कधी खाली पडू देत नाहीत. मला मात्र पाडलं! "शेवाळंच दिसतंय," असं पुटपुटत त्यांनी मला अंगणातल्या कचऱ्याच्या ढिगावर उपडं केलं. मित्रांनो, डब्याला ओरडता येत नाही हो!

तेवढ्यात ताई शाळेतून आली. दप्तर फेकून धावली. "बाबा, थांबा! भिंग लावून बघितलंत का?"

बाबांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि ते ढिगावर वाकले. "अरेच्चा! दोन-दोन पानं आहेत की! पण आई तर म्हणाली..."

"मी रुसलंच म्हटलं होतं!" चिंगीने भोकाड पसरलं.

"रुसलं म्हणजे रुजलं, बाबा! तिचे दात कुठायत?"

मग काय, ताईने फोन करून आईला खरं काय ते सांगितलं आणि केसाएवढी स्प्रिंग उचलायच्या चिमट्याने बाबा ढिगातून एकेक रोप वेचत बसले. अर्धी मरून गेली. उरलेली त्यांनी पुन्हा माझ्यात लावली आणि थोडी मोठी झाल्यावर ती अंगणातल्या वाफ्यात गेली. माझं पोट रिकामं झालं. रोपं वाढवायची मी आणि फुलं बघायची वाफ्याने! पायरीखाली पडून मी पावसाचे थेंब मोजले, थंडीत कुडकुडलो. माझ्या कोपऱ्यातल्या घडीत चिमूटभर माती अडकून होती, ती कुणाला खरवडून काढायचं सुचलं नाही, हेच नशीब.

कारण वसंत आला आणि त्या घडीतून एक निळं फूल वर आलं. हुबेहूब झाकणावरचं! छे, त्याहून सुंदर. हे वाऱ्यावर हलत होतं!

ताईने माझ्यात आणखी माती भरली आणि मला उचलून पुन्हा खिडकीत, पाण्याच्या ताटलीत ठेवलं. वाफाही निळा झाला होता. आली नव्हती ती फक्त आई. इस्पितळ तिला आणखी एक वर्ष सोडणार नव्हतं. तिचा फोन आला तेव्हा चिंगीने मला छातीशी धरलं होतं.

"आई, सगळं रुजलं! फुललं पण!"

पलीकडून आईने विचारलं, "चिंगे... तुला दात आले?"

"कधीच!"

"एकदा रुसलं म्हण ना गं. तेव्हासारखं."

चिंगीने प्रयत्न केला. जीभ दातांवर आपटली. पुन्हा केला. तसं काही जमेना. शेवटी ती म्हणाली, "आई, ही बहुवर्षायू आहेत. तू पुढच्या वर्षी ये, ती परत येतील."

तिचे डोळे माझ्या मातीवर गळत होते. वरून पाणी घालायचं नसतं, पण मी काही बोललो नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, रिकामा दिसणारा डबा, उजाड दिसणारी कुंडी घाईने ओतू नका. एकदा भिंग लावून बघा, एकदा नीट ऐका. माझं फूल आता सुकलंय. पानंही मातीत गेलीत. मी रुसलेलो नाही. मी ताटलीत बसून पाणी पितोय आणि वाट बघतोय.