भोंगा न वाजलेला रविवार

बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या माणसाला लोकांनी मिस्त्री म्हणायला हवं. या माणसाला सगळे भोंगा म्हणत. त्याला कारणं दोन होती. एक म्हणजे त्याच्याकडे खराखुरा भोंगा होता. बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून आणलेला, दांडा फिरवून वाजवायचा. त्यात लिफ्टची एक छोटी कप्पी बसवून त्यानं तो स्वतः चालता केला होता. फुटबॉलच्या मैदानात पूर्वेच्या स्टँडमध्ये सातव्या रांगेत तो उभा राही, आणि आपल्या क्लबनं गोल केला की दांडा असा गरागरा फिरवी की पुढच्या दोन रांगा कानात बोटं घालत. दुसरं कारण त्याची बायको सांगे. "यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. भोंगा नुसता हातात नाही, गळ्यात पण आहे."

हे दुसरं कारण लेकीला चांगलंच भोवलं होतं. लेक इस्पितळात हृदयाच्या तपासणीच्या खोलीत कामाला होती. छातीवरून यंत्र फिरवायचं, पडद्यावर हृदय कसं चाललंय ते बघायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, हे तिचं काम. नवीन नवीन लागली तेव्हा जेवता जेवता सहज बोलून गेली की शाळेच्या मुख्याध्यापिका आज तपासून घ्यायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सलूनमधल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला बाईंच्या हृदयाची खडान्‌खडा माहिती झाली होती. बाई इस्पितळात येऊन भांडल्या. लेकीच्या हातात लेखी ताकीद पडली, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं. तेव्हापासून ती कामावरचं अवाक्षर घरात काढत नसे. भोंग्याला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण वाईट वाटलं म्हणून माणसानं बोलणं थोडंच सोडायचं असतं?

तर असा हा भोंगा शुक्रवारी सकाळी सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसला होता, आणि बाकावर बसलेल्या पोस्टमननं, म्हणजे निवृत्त पोस्टमननं, हातातल्या फोनकडे बघत आरोळी ठोकली. "अरे, डावऱ्यानं खेळ सोडला!"

डावऱ्या म्हणजे क्लबचा अकरा नंबर. डाव्या पायानं मारतो म्हणून डावऱ्या. वय सव्वीस. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हापासून पूर्वेच्या स्टँडनं त्याला पोटच्या पोरासारखा मानला होता. गोल केला की तो धावत पूर्वेकडे यायचा, भोंगा कुठून वाजतोय ते शोधायचा आणि तिकडे डावा हात उंच करायचा. हजारो माणसांत हात भोंग्याला! दहा वर्षं भोंग्याची मान त्या हातानं ताठ राहिली होती.

"वाच, वाच काय लिहिलंय," सलूनवाला वस्तरा हवेतच धरून म्हणाला.

"चार ओळी आहेत फक्त. 'मी आजपासून खेळणं थांबवतो आहे. कारण माझ्यापाशी राहू द्या. सगळ्यांचे आभार.'"

"कारण माझ्यापाशी?" सलूनवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आम्ही पावसापाण्यात घसे फोडायचे, आणि कारण ह्याच्यापाशी?"

"कंटाळला असेल," पोस्टमन म्हणाला. "आजकालच्या पोरांना सगळं लवकर मिळतं, मग लवकर कंटाळतात."

अर्धी दाढी झालेला भोंगा खुर्चीतून उठला. "पळपुटा आहे पळपुटा! मागच्या वर्षी फायनल हरलो, तेव्हापासून ह्याची हवा गेली. आणि आता शेपूट घालून घरी!" मग एकदा बोलायला लागला तो थांबतोय कशाला. पुढच्या रविवारी हंगामाची पहिली मॅच होती, आणि मॅचच्या आधी क्लब डावऱ्याला मैदानात बोलावून निरोप देणार होता. "येऊ दे त्याला," भोंगा म्हणाला. "तो पूर्वेकडे आला की मी भोंगा वाजवतो. भोंगा वाजला की अख्ख्या स्टँडनं पाठ फिरवायची. तू आम्हाला पाठ दाखवलीस, घे, आमची पण बघ."

सलूनमध्ये टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत पोस्टमननं निरोप पूर्वेच्या स्टँडमधल्या शेकडो फोनवर पोचवला होता. पत्रं वाटायचा तेव्हा एवढा वेग त्याच्यात कधी दिसला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला भोंग्यानं लेकीला बातमी सांगितली. ही लेक म्हणजे फुटबॉलची साधी प्रेक्षक नव्हे. सहा वर्षांची असल्यापासून बापाच्या खांद्यावर बसून तिनं मॅच बघितल्या होत्या. डावऱ्यानं डाव्या पायानं मारायला हवं होतं की पास द्यायला हवा होता यावरून बापलेकीत रात्र रात्र अबोला चालायचा.

"डावऱ्यानं खेळ सोडला," भोंगा म्हणाला.

"हं," लेक म्हणाली आणि तिनं भाताचा घास घेतला.

"हं काय? सव्विसाव्या वर्षी! कारण सांगत नाही म्हणे. पळपुटा!"

"बाबा, त्याला तसं म्हणू नका."

"मग काय म्हणू? तूच सांग, का सोडलं असेल?"

"मला काय माहीत," लेक म्हणाली. ताट अर्धं ठेवून उठली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

भोंगा अंथरुणावर पडला तरी बडबडतच होता, आणि बडबडता बडबडता मध्येच थांबला. लिफ्टच्या कामात तो एक गोष्ट शिकला होता. खडखड करणारी लिफ्ट कोणालाही कळते; खरा कारागीर, जो आवाज यायला हवा आणि येत नाही, तिकडे कान लावतो. लेकीनं "काय?" म्हटलं नव्हतं. "कोण म्हणतं?" म्हटलं नव्हतं. फोन ओढून घेऊन बातमी वाचली नव्हती. डावऱ्याला साधी सर्दी झाली तरी दहा प्रश्न विचारणारी ही मुलगी "हं" म्हणून भात खात होती. हंगामाची दोन तिकिटं दरवर्षी तीच पहिल्या दिवशी रांग लावून आणायची. यंदा तीन आठवडे "बघू, बघू" चाललं होतं.

तीन आठवडे. म्हणजे बातमी तिला तीन आठवड्यांपूर्वीच कळली होती. कुठे कळली असेल? ती काम करते कुठे?

भोंगा उठून बसला. त्या धिप्पाड पोराच्या छातीत, ज्या छातीवर तो बॉल असा अलगद झेलायचा, तिथं काहीतरी बिघडलं होतं. काय ते त्याला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. त्याला रडू आलं. तोंडात पांघरुणाचं टोक धरून तो रडला, कारण शेजारी बायको झोपली होती आणि तिनं का म्हणून विचारलं असतं तर आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सांगता आलं नसतं.

पुढचे आठ दिवस भोंग्यानं जे सोसलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. गुपित पोटात ठेवायची सवय नसलेल्या माणसाला ते खड्यासारखं टोचतं. तो मूग गिळून बसला तशी बायकोनं कपाळाला हात लावून बघितला. "अहो, ताप आहे का? दोन दिवस झाले, बाजूच्या घरातल्या लोकांविषयी काही बोलला नाहीत."

"घसा बसलाय," भोंगा म्हणाला.

सलूनमध्ये त्यानं आडून आडून सुचवून बघितलं. "मी म्हणतो, जाऊ दे ना. पोरगं आहे. असेल काहीतरी."

"काय असेल?" सलूनवाल्यानं कात्री थांबवली.

भोंग्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. नुसतं "तब्येतीचं असेल" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण सलूनवाल्यानं पुढं विचारलं असतं, तुला कसं कळलं? आणि भोंग्याची लेक कुठे काम करते हे या दुकानातल्या आरशालासुद्धा माहीत होतं. मुख्याध्यापिकाबाईंची गोष्ट इथं अजून निघायची.

"काही नाही," तो म्हणाला. "आपलं वाटलं."

"वाटलं म्हणे! कल्पना तुझी, आरोळी तुझी, आणि आता तूच पाय मागे घेतोस? सगळ्यांना निरोप गेलाय. भोंगा घेऊन ये, बास."

भोंगा नेला नाही तर सलूनवाला स्वतःची शिट्टी वाजवेल, पिपाणी आणेल, काहीही करेल, हे भोंग्याला कळत होतं. भोंगा आपल्या हातात असला तरच तो न वाजवणं आपल्या हातात राहील. म्हणून रविवारी तो भोंगा घेऊन गेला.

डावऱ्या साध्या शर्टात मैदानात आला. क्लबच्या लोकांनी त्याला काचेच्या चौकटीतला अकरा नंबरचा शर्ट दिला. तो काखेत धरून तो एकटाच पूर्वेकडे चालत आला. धावला नाही. भोंग्याला ते लगेच दिसलं, बाकी कोणाला दिसलं नसावं. कठड्याशी थांबून त्यानं सातव्या रांगेकडे बघितलं. भोंगा दिसल्यावर तो हसला आणि त्यानं डावा हात उंच केला.

सगळ्यांचे डोळे भोंग्याच्या हाताकडे लागले होते.

भोंग्याचा हात दांड्यावर होता. आतून सगळं ओरडत होतं की फिरव, त्या पोराला शेवटचं वाजवून दे, ते त्याच्या हक्काचं आहे. दहा वर्षांत त्या उंच केलेल्या हाताला असं ताटकळत ठेवलं नव्हतं. पण दांडा फिरला की शेकडो पाठी फिरणार होत्या. तो संकेत त्यानंच ठरवून दिला होता. भोंग्यानं दांड्यावरचा हात काढला आणि दोन्ही हात खिशात घातले.

"वाजव ना!" मागून सलूनवाला ओरडला.

"दांडा अडकलाय."

दोन-चारजण उगीचच वळले, बाकीचे वळले नाहीत हे बघून ओशाळून परत फिरले. कुणी तुरळक टाळ्या वाजवल्या. डावऱ्याचा हात थोडा वेळ वर राहिला, मग हळूच खाली आला. तो मान खाली घालून निघून गेला, आणि भोंग्याला वाटलं की आपण त्याला वाचवलं खरं, पण त्याला ते कसं कळणार? त्याला एवढंच कळलं की भोंगा वाजला नाही.

सलूनवाल्यानं त्याच्याकडून भोंगा हिसकावून घेतला नाही, तेवढी लाज ठेवली. पण मॅच संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यास म्हणे! तुझ्या हातचा एक दांडा धड फिरत नाही. त्या लिफ्टमध्ये चढणाऱ्यांचं नशीब थोर." लोक हसले. आपल्या कामाला कोणी नाव ठेवलं तर हमरीतुमरीवर येणारा माणूस भोंगा घेऊन मुकाट्यानं घरी आला. पुढच्या शुक्रवारपासून तो दाढी घरीच करू लागला. गालावर तीन ठिकाणी कापून घेई.

दोन महिन्यांनी डावऱ्यानं स्वतःच सांगितलं. टीव्हीवर, आईच्या शेजारी बसून. हृदयाचा स्नायू जाड होत जाणारा आजार. खेळताना कधीही मैदानात कोसळला असता. घराण्यातच असतो तो. धाकटा भाऊ नुकताच क्लबच्या ज्युनियर संघात आला होता, त्याच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत बोभाटा नको होता. आता रिपोर्ट आले. धाकटा धडधाकट होता.

त्याच संध्याकाळी सलूनवाला आणि पोस्टमन भोंग्याच्या दारात उभे. लेकीनं आत घेतलं आणि चहा ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली.

"पाठ फिरवली असती तर आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहिली नसती," पोस्टमन बसता बसता म्हणाला.

सलूनवाला खुर्ची पुढं ओढून भोंग्याच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "खरं सांग. तुला माहीत होतं."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला.

आता हा प्रश्न विचारला कोणाला? ज्याला पाऊस पडून गेल्यावरसुद्धा "मी म्हणालोच होतो" म्हटल्याशिवाय चैन पडत नसे त्याला. एक "होतं" म्हटलं असतं तर गेलेली सगळी इज्जत व्याजासकट परत आली असती. सलूनमधली खुर्ची, रांगेतली जागा, सगळं.

"मला कोण सांगणार?" तो म्हणाला. "दांडा अडकला होता."

सलूनवाला उठला. कोपऱ्यातल्या भोंग्याचा दांडा त्यानं धरला आणि फिरवला. कप्पी लोण्यासारखी फिरली, आणि भोंगा असा काही ओरडला की खिडक्या थरथरल्या आणि बायको आतल्या खोलीतून "अहो!" म्हणून धावत आली.

"नंतर दुरुस्त केला," भोंगा म्हणाला.

सलूनवाल्यानं त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्याच्या गालावरच्या तीन खुणांकडे बघितलं. "शुक्रवारी दुकानात ये," तो म्हणाला. "हे काय करून घेतलंयस तोंडाचं."

ते गेल्यावर लेक बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. हातात चहाचा कप तसाच होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

भोंग्यानं कप घेतला, चहावर फुंकर घातली.

"काय कळलं?" तो म्हणाला.