विनेशने मासळी सोडली त्याची गोष्ट

हे लिहिणारच नव्हतो. मोबाईलवर तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं. ‘मी’ लिहिलं की पुढचा शब्दच येईना. म्हणून ‘विनेश’ लिहितो. विनेशबद्दल लिहायला बरं पडतं. त्याला शिव्यासुद्धा घालता येतात.

“श्रावण संपला रं मिस्त्री! तुझ्या घरात कॅलेंडर न्हाय काय?”

तुळशीराम तांडेलाने कोळंबीची वाटी विनेशच्या ताटाकडे ढकलली. पंगतीतली सात-आठ माणसं हसली. विनेशही हसला. हसताना त्याने डावं पाऊल उजव्या मांडीखाली आणखी आत घेतलं.

गौरीचा दिवस होता. काशीदच्या अलीकडचा कोळीवाडा, केसरकाकीचं घर. कोळीवाड्यातल्या बऱ्याच घरांत गौर तिखटाची असते. माहेरवाशीण आली म्हटल्यावर तिला वरणभातावर कोण ठेवणार? गणपतीपुढे पडदा ओढायचा, म्हणजे देवाला वास जायला नको, आणि मग गौरीपुढे चिंबोरीचं कालवण, कोळंबी, तळलेली सुरमई, वडे असं सगळं मांडायचं. नैवेद्य झाला की पंगत. विनेश पाच वर्षांचा असल्यापासून या पंगतीला बसत आला होता. केसरकाकी त्याची सख्खी कोणी नाही. तिचा मुलगा कान्हा आणि विनेश एका बाकावर शिकले, एकाच दिवशी शाळा सोडली. कान्हा तुळशीरामच्या होडीवर, तो तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, त्याच्या हाताखाली खलाशी झाला, विनेश होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. एवढंच नातं. पण दर गौरीला सगळ्यात मोठी चिंबोरी विनेशच्या ताटात पडायची, आणि कान्हा दर वर्षी त्यावरून भांडायचा.

या वर्षी विनेशला चिंबोरीकडे बघवत नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी त्याच्या डाव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला. वरून माशी चालली तरी जीव जाईल असं दुखणं. अलिबागच्या डॉक्टरने रक्त तपासलं. युरिक ॲसिड. एका कागदावर यादी लिहून दिली: कोळंबी, चिंबोरी, मांदेली, तारली, सुकट, मटण, बिअर, सगळं बंद. विनेशने यादी वाचून विचारलं, “मग खाऊ काय?” डॉक्टर म्हणाले, “दुधी.” कोळ्याच्या पोराला म्हणाले.

तो कागद त्याने कोणाला दाखवला नाही. कारण सांगतो. विनेशचा बाप दारूने गेला. पाय सुजवून, पोट सुजवून, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत. विनेश तेवढा पीत नव्हता, पण रविवारी दोन बिअर, कधी चार, हे काही खोटं नाही. एकतिसाव्या वर्षी पाय सुजला म्हटल्यावर वाडी एकच वाक्य बोलणार होती, ‘बापावर गेला.’ आणि आई त्याच्यासाठी मुलगी बघत होती.

मग तो खोटं बोलायला लागला. साधंसुधं. हळदीला पोट बिघडलं. बारशाला जेवून आलो. इंजिनाचं काम आहे, डबा बांधून द्या. आणि डबा वाटेत कुत्र्याला. पावसाळ्यात श्रावणाने त्याला सांभाळलं, अर्धी वाडीच पाळत होती. पण श्रावण काय जन्मभर पुरतो?

“घे रं,” तुळशीराम परत म्हणाला. “गौरीचा प्रसाद हाय. न्हाय बोलू नये.”

“नको तांडेल. सोडलंय.”

त्याच्या तोंडून गेलं. नुसतं टाळायला गेलं. कोळीवाड्यात माणूस दारू सोडतो, बायको सोडतो, मासळी सोडत नाही. सोडली तर गळ्यात माळ असते, नाहीतर नवस.

“माळ तर दिसत न्हाय,” तुळशीराम त्याचा गळा बघत म्हणाला. आवाजातली थट्टा गेली होती. “नवस केलास काय?”

विनेश ताटात बघत राहिला. भाकरी, मीठ, लिंबू. त्याने मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच हलली, ते त्याचं त्यालाच आजवर कळलं नाही. नाही, हेही खोटं. हो म्हणूनच हलवली.

चुलीकडून केसरकाकी पळी हातात घेऊन दारात आली. “कवा सोडलीस?”

“झाले... तीन-चार महिने.”

एवढं एक तो खरं बोलला, पण काकीने महिने मोजलेच नाहीत. तिच्या मनात एकच तारीख होती. ऑगस्टमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीला कान्हाचा उजवा हात जाळं ओढणाऱ्या विंचच्या दोरात सापडला होता. बारा दिवस दवाखान्यात. त्याला गाडीत घालून अलिबागला नेणारा विनेशच. कान्हा आता भिंतीला टेकून, पट्टीतला हात मांडीवर ठेवून, डाव्या हाताने चमच्याने जेवत होता.

“कान्हाकरता?” काकीने विचारलं.

इथे तोंड उघडायचं होतं. सगळं एका वाक्यात संपलं असतं. विनेशने पाण्याचा तांब्या उचलला आणि तहान नसताना प्यायला.

काकीने पळी खाली ठेवली. पंगतीतून वाट काढत आली, विनेशच्या ताटापुढे गुडघे टेकले आणि वाकली. साठीची बाई, त्याच्या आईहून मोठी.

“काकी, काय करता, उठा,” म्हणत तो उठायला गेला, तसा मांडीखालचा पाय बाहेर आला. तिने दोन्ही हातांनी तोच धरला. त्यावर कपाळ ठेवलं. बरोबर अंगठ्यावर.

विनेशच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. ओरडला असता तर सुटला असता. त्याने दात आवळले. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं.

“बघा,” मागून कोणीतरी बाई हळूच म्हणाली, “पोरगं रडतंय.”

तुळशीराम तांडेलाने नाक पुसलं. फक्त कान्हा चमचा हवेत धरून विनेशच्या पायाकडे बघत होता.

मग काकीने वेगळ्या टोपात भात लावला. त्यावर दूध, साखर. दुधी शोधायला शेजारी बाई पिटाळली. विनेशला ते सगळं गिळावं लागलं. पण खरी गोष्ट पुढे झाली. बायकांची पंगत बसली तेव्हा काकीने स्वतःचं वाढलेलं ताट शेजारणीच्या सुनेपुढे सरकवलं.

“तुम्ही का न्हाय खात?” सून म्हणाली.

“दोस्त असून त्यानं सोडलं. मी तर आई हाय. कान्हाची बोटं वळतील त्या दिवशी खाईन.”

पहाटे उठून तिने त्या चिंबोऱ्या साफ केल्या होत्या. पन्नास वर्षं मासळीची टोपली डोक्यावर वाहिलेली बाई, जिच्या तापातल्या पेजेलासुद्धा भाजलेला बोंबील लागायचा, ती मीठभात कालवून बसली. चेहरा असा की कुठलं तरी मोठं काम हातावेगळं झालंय.

विनेश मागच्या दाराने बाहेर पडला. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला जाऊन बसला. थोड्या वेळाने कान्हा आला.

“पाय दाखव.”

“कशाला?”

“दाखव बोलतो ना.”

विनेशने पाय पुढे केला. कान्हाने वाकून बघितलं आणि शीळ घातली. “आयला! हे कधीपासून?”

“मेपासून. युरिक ॲसिड. मासळी बंद, बिअर बंद.”

कान्हा हसायला लागला. पोट धरायला गेला तर पट्टीतला हात आपटला, तरी हसत राहिला. “आणि आईनं... त्यावरच डोकं... आणि तू रडलास!” मग हसू आपोआप आटलं. “मला पन न्हाय सांगितलंस.”

“लाज वाटली.”

“मी माझी चड्डी तुझ्याकडून बदलून घेतली रं दवाखान्यात. मला लाज न्हाय वाटली?”

समुद्र ओहोटीला लागला होता. घरातून भांड्यांचा आवाज येत होता.

“डॉक्टर काय बोलला, तू होतास ना तिथं?” कान्हा म्हणाला. “दोन बोटं परत वळायची न्हायत. आपल्या दोघांनाच म्हाईत हाय. म्हणजे ती काय जन्मभर मीठभात खानार? तुझ्या अंगठ्यापायी?”

“ती मला दारात उभं करणार नाही.”

“न्हाय करनार. काही दिवस. वाडी पन हसल.”

“बापावर गेला म्हणतील.”

“म्हणतील. मग?”

विनेशला वाटलं होतं कान्हा म्हणेल, राहू दे, मी बघतो. आजवर कान्हानेच बघितलं होतं, शाळेतल्या मारापासून.

“सण होऊ दे,” विनेश म्हणाला. “आज नको. गौरी जाऊ दे.”

“मग अनंत चतुर्दशी येईल. मग पितरं. मग नवरात्र, मग दिवाळी. तुझं खोटं काय पंचांग बघून चालतं?”

विनेशला हसू आलं.

“ती बाई सकाळपासून उपाशी होती, विनेश,” कान्हा खालच्या आवाजात म्हणाला. “गौरीला जेवू घातल्याशिवाय खात न्हाय ती. आणि मग तिनं ताट दिलं.”

घरात कोणीतरी काकीला हाक मारली. तिने ओ दिली. आवाज आनंदात होता, दवाखान्यानंतर पहिल्यांदा.

“तुझ्या बोटांचा विषय मी काढणार नाही,” विनेश म्हणाला. “ते कधी सांगायचं ते तुझं तू बघ. माझ्या पायाचं मी सांगतो. नवस नव्हता, पथ्य होतं, आणि मी भ्यालो. सगळं.”

“कधी?”

“संध्याकाळचं जेवण किती वाजता?”

“आठाला बसते ती.”

“तिनं भातावर मीठ घ्यायच्या आधी मी तुमच्या चुलीपाशी असेन,” विनेश म्हणाला. “शब्द देतो, कान्हा.”